सकाळच्या वाडग्यातली साखर

ज्या जिल्ह्यात दिवाळीनंतर चार-पाच महिने उसाच्या ट्रॉल्यांमागून गाडी हळूहळू हाकावी लागते, त्या जिल्ह्यात राहून साखरेविषयी तक्रारीचा सूर लावणे कोणालाही सहजासहजी जमत नाही. माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्याच्या करवीर तालुक्यातले. उसाचे बिल जमा झाले की वह्या-पुस्तके, कपडे आणि पुढे कॉलेजची फी, असा आमच्या घरातल्या खर्चाचा क्रम ठरलेला असे, आणि माझ्या शिक्षणाचा मोठा वाटा त्याच बिलातून आलेला आहे. त्यामुळे साखर वाईट, असे मी म्हणणार नाही. माझा प्रश्न त्याहून पुष्कळ लहान, पण माझ्या दृष्टीने तितकाच महत्त्वाचा आहे: सहा-सात वर्षांच्या मुलाने सकाळी उठल्यावर, शाळेला जाण्यापूर्वी, पहिल्याच खाण्यात किती साखर खावी आणि ती किती असावी हे कोणी ठरवावे?

हा प्रश्न गेल्या वीस-पंचवीस वर्षांत आपल्या घरांत आला, कारण त्याआधी न्याहारी खोक्यातून येत नव्हती. आता येते, आणि तिच्या येण्यामागे आळस आहे असे म्हणणे आयांवर अन्याय करणारे आहे. शाळेची बस सातच्या आत नाक्यावर येते, त्याआधी डबा भरायचा असतो, कामावर जाण्याची तयारी करायची असते, आणि मूल अर्धवट झोपेत असते. अशा वेळी वाडग्यात चॉकलेटी फ्लेक्स ओतून वर दूध घातले की मूल न कुरकुरता खाते आणि दूधही पोटात जाते. आमच्या घरी सासूबाईंना या खोक्याचे कौतुक वाटे ते याच कारणाने. “काही का असेना, दूध तरी पितोय की,” असे त्या म्हणत, आणि दुधाच्या पेल्यावरून रोज सकाळी होणारी रडारड ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे समाधान किती खरे आहे हे कळेल.

मी औषधनिर्माणशास्त्र शिकले आणि राजारामपुरीतल्या एका औषधाच्या दुकानात काम करते. बारीक अक्षरांतली मात्रा वाचणे हा माझा रोजचा व्यवहार असल्यामुळे खोक्याच्या मागची बाजू वाचण्याची सवय मला मुद्दाम लावून घ्यावी लागली नाही. पुढच्या बाजूला हसरे अस्वल किंवा वाघ असतो, ‘लोह’, ‘जीवनसत्त्वे’, ‘धान्याची ताकद’ असे शब्द असतात. ते शब्द खोटे नसतात, कारण या पदार्थांत लोह आणि ब गटातील काही जीवनसत्त्वे खरोखरच वरून घातलेली असतात. मात्र आपल्याला हवी असलेली माहिती मागे, तक्त्यात असते. तिथे ‘टोटल शुगर्स’ (एकूण साखर) आणि ‘ॲडेड शुगर्स’ (वरून घातलेली साखर) अशा दोन ओळी शोधाव्या लागतात. चॉकलेटच्या किंवा मधाच्या चवीच्या, मुलांसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक सिरीअलांमध्ये शंभर ग्रॅममागे 25 ते 35 ग्रॅम साखर आढळते. म्हणजे खोक्यातल्या मालाचा चौथा ते तिसरा हिस्सा साखरच असतो. साध्या कॉर्नफ्लेक्समध्ये हे प्रमाण बहुधा 8-10 ग्रॅमच्या आसपास असते, आणि काहीही न मिसळलेल्या ओट्समध्ये जेमतेम एक ग्रॅम. एकाच कपाटात, एकाच फळीवर शेजारी शेजारी ठेवलेल्या तीन खोक्यांत एवढा फरक असतो, आणि पुढच्या बाजूच्या चित्रांवरून त्याचा पत्ता लागत नाही.

पुढचा हिशेब वाडग्याचा आहे. तक्त्यात एका वेळचे खाणे बहुतेक 30 ग्रॅम धरलेले असते. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर 30 ग्रॅम फ्लेक्स मोजून पाहावेत, असे मी प्रत्येक पालकाला सांगेन. ती एक लहानशी वाटी भरते, आणि कोणतेही मूल तेवढ्यावर थांबत नाही. आमचा मुलगा स्वतःच्या हाताने ओतून घेतो तेव्हा काटा पन्नासच्या पुढे जातो. शंभर ग्रॅममध्ये 30 ग्रॅम साखर असलेला पदार्थ 50 ग्रॅम घेतला तर साखर 15 ग्रॅम होते, म्हणजे जवळजवळ चार चमचे. दुधात स्वतःची नैसर्गिक साखर असते, शंभर मिलिलीटरमागे साधारण पाच ग्रॅम, पण ती या हिशेबात धरायची नाही. धोक्याचा इशारा दिला जातो तो वरून घातलेल्या साखरेबद्दल. आता काही घरांत त्याच दुधात आणखी एक चमचा साखर किंवा चॉकलेटची पूड घातली जाते, ती मात्र धरावीच लागेल.

या 15 ग्रॅमचा अर्थ मर्यादा पाहिल्याशिवाय लागत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 मध्ये सांगितले की वरून घातलेल्या साखरेतून, आणि त्याबरोबरच मध, सरबते व फळांचे रस यांतील साखरेतून मिळणारी ऊर्जा दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी असावी आणि शक्य झाल्यास ती 5 टक्क्यांच्या खाली आणावी. अमेरिकन हार्ट असोसिएशनने 2016 मध्ये दोन ते अठरा वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला 25 ग्रॅमपेक्षा कमी, आणि दोन वर्षांखालील बाळांसाठी वरून घातलेली साखर मुळीच नको, असे म्हटले. आपल्याकडे चार ते सहा वर्षांच्या मुलाची दिवसाची ऊर्जेची गरज साधारण 1,350 किलोकॅलरी धरतात. तिचे 5 टक्के काढले तर साखर सुमारे 17 ग्रॅम येते. म्हणजे सकाळी सातच्या आधीच दिवसाचा कोटा जवळजवळ संपलेला असतो, आणि बिस्कीट, जॅम, शाळेतल्या वाढदिवसाचे चॉकलेट आणि संध्याकाळचे दूध अजून यायचे असते.

खोक्यावर आणखी एक आकडा असतो, आणि औषधाच्या दुकानात काम करणारी व्यक्ती म्हणून मला तो सर्वांत जास्त खटकतो. आपल्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या 2020 च्या नियमांनुसार एका वेळच्या खाण्यातून दिवसाच्या गरजेचा किती टक्के वाटा मिळतो हे वेष्टनावर छापावे लागते, आणि हा टक्का 2,000 किलोकॅलरीच्या आहारावर, वरून घातलेल्या साखरेसाठी 50 ग्रॅम हा आकडा धरून काढलेला असतो. हा आहार प्रौढ माणसाचा आहे. नऊ ग्रॅम साखर असलेल्या खाण्यासमोर ‘18 टक्के’ असे छापले जाते, आणि ते पाहून पालकांना वाटते की अजून 82 टक्के शिल्लक आहे. मुलासाठी सांगितलेल्या 25 ग्रॅमच्या हिशेबाने तोच आकडा 36 टक्के होतो, आणि वाडगा 30 ऐवजी 50 ग्रॅमचा असेल तर 60 टक्के. ताप आलेल्या मुलाला आम्ही मोठ्या माणसाची गोळी देत नाही. वय आणि वजन विचारतो, सिरपची मात्रा मिलिलीटरमध्ये मोजून सांगतो. मग ज्या खोक्यावर मुलांसाठीच चित्रे काढलेली आहेत, त्या खोक्यावरचा टक्का मोठ्या माणसाच्या मापाने का असावा, याचे समाधानकारक उत्तर मला कोणी दिलेले नाही.

घटकांची यादीही वाचण्यासारखी असते. नियमाप्रमाणे जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त तो आधी लिहावा लागतो, त्यामुळे साखर दुसऱ्या क्रमांकावर असेल तर धान्याच्या खालोखाल तीच आहे हे उघड होते. पण गोडवा एकाच नावाने येत नाही. साखर, लिक्विड ग्लुकोज, इन्व्हर्ट सिरप, डेक्स्ट्रोज, माल्ट एक्स्ट्रॅक्ट, मध अशी वेगवेगळी नावे यादीत विखुरलेली असली, की प्रत्येकाचा क्रमांक खाली जातो आणि बेरीज डोळ्यांत भरत नाही. म्हणून यादीपेक्षा तक्त्यातल्या ग्रॅमवर विश्वास ठेवावा.

इतकी साखर घालण्याची गरज काय, हा प्रश्न मलाही पडला होता. या पदार्थाचा जन्म तर उलट हेतूने झाला. अमेरिकेतील मिशिगन राज्यात, बॅटल क्रीक येथे जॉन हार्वे केलॉग हे डॉक्टर आपल्या आरोग्यधामातील रुग्णांना साधा, सौम्य आहार देत, आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथे धान्याचे फ्लेक्स तयार झाले. त्यांचे धाकटे बंधू विल कीथ केलॉग यांनी 1906 मध्ये कंपनी काढली, आणि फ्लेक्समध्ये साखर घालण्यावरून दोघा भावांत मतभेद होते. दुसऱ्या महायुद्धानंतर मुलांसाठी गोड सिरीअलांची लाट आली. 1950 च्या दशकातील कित्येक अमेरिकन खोक्यांच्या नावातच साखर अभिमानाने मिरवत असे, आणि त्यांतल्या काहींच्या वजनाचा निम्म्याहून अधिक भाग साखर होता. साखरेचे कारखानदाराला चवीपलीकडेही उपयोग आहेत. पाकाचा पातळ थर चढवला की फ्लेक्स दुधात लवकर मऊ पडत नाहीत, भाजताना रंग छान येतो, आणि तुलनेने स्वस्त मालाने खोके भरते. भारतात ही कंपनी 1994 मध्ये आली आणि तिचा पहिला कारखाना आपल्याच राज्यात, तळोजा येथे उभा राहिला. आपण दूध गरम करून घालतो, त्यात साधे फ्लेक्स क्षणात लगदा होतात, हे तिला इथे आल्यावर कळले. चॉकलेटी प्रकार मुलांनी मात्र पटकन आपलेसे केले.

इथे कोल्हापूरकर हमखास एक उपाय सुचवतो: साखर नको, गूळ घाला. माझ्या दुकानात, माझ्या घरात आणि माहेरच्या ओसरीवर मी हे इतक्यांदा ऐकले आहे की त्यावर नीट लिहिलेच पाहिजे. गुळाविषयी आमच्या मनात जे आहे ते केवळ चवीचे नाही. छत्रपती शाहू महाराजांनी 1895 मध्ये शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली आणि गुळाच्या व्यापाराला या शहरात जागा मिळाली. 2014 मध्ये कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. लहानपणी गुऱ्हाळावर जाणे हा आमचा हिवाळ्यातला मोठा आनंद होता: चुलवाणात चिपाड ढकलणारी माणसे, काहिलीत उकळणारा रस, रसाची मळी वर यावी म्हणून घातलेला भेंडीच्या झाडाचा चिकट रस, आणि पाक झाला की नाही हे नुसत्या बोटांनी ओळखणारा गुळव्या. गरम काकवीत शेंगदाणे घालून खाल्ल्याची चव मी आजही विसरलेले नाही. पण तो आनंद हंगामाचा होता. गुऱ्हाळ पेटे तेव्हा मिळे, विझले की पुढच्या वर्षापर्यंत वाट पाहावी लागे.

एवढे प्रेम असूनही मला हे लिहिणे भाग आहे की गुळाचा बहुतांश भाग तीच साखर आहे. त्यात थोडी खनिजे आणि थोडे लोह असते, रंग आणि वास असतो, आणि साखरेपेक्षा तो मला कितीतरी पटीने आवडतो. तरी मुलाच्या दातांना आणि रक्तातल्या ग्लुकोजला त्याचे वेगळे कौतुक नसते. मधाचेही तसेच. जागतिक आरोग्य संघटनेच्या व्याख्येत मधातली साखरही मर्यादेत मोजली जाते. म्हणून ‘गुळाचा गोडवा’ किंवा ‘मधयुक्त’ असे ठळक अक्षरांत लिहिलेले पाकीट हाती आले, तरी मागे वळवून ग्रॅम पाहायचेच. आपला गूळ चांगला आहे, म्हणूनच तो पाकिटातून गुपचूप येण्यापेक्षा आपल्या हाताने, आपल्याला दिसेल इतका घालावा, असे मला वाटते.

साखरेमुळे काय होते, याबद्दलही तोलून बोलायला हवे. गोड खाल्ले की मूल उड्या मारू लागते, ही समजूत फार पक्की आहे. पण मुलांना साखर की कृत्रिम गोडी हे कोणालाच कळू न देता केलेल्या अनेक प्रयोगांचा एकत्रित आढावा 1995 मध्ये प्रसिद्ध झाला, आणि त्यात साखरेचा वागण्यावर असा परिणाम दिसला नाही. खरे नुकसान गाजावाजा न करता होते. तोंडातले जिवाणू साखरेपासून आम्ल बनवतात आणि त्या आम्लाने दातांवरचे कवच झिजते. चिकट फ्लेक्स दाढांच्या खळग्यांत बसून राहतात, आणि शाळेच्या घाईत चूळ भरायची राहून जाते. शिवाय कॉर्नफ्लेक्ससारखे प्रक्रिया केलेले, तंतू कमी असलेले धान्य लवकर पचते, त्यामुळे दुसऱ्या-तिसऱ्या तासाला मुलाला पुन्हा भूक लागते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे जीभ घडते. रोज सकाळी पहिला घास गोड असेल, तर साधे दूध बेचव लागते आणि दुपारची भाजी नको होते. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने मे 2025 मध्ये आपल्या शाळांना साखरेची माहिती देणारे फलक लावायला सांगितले, तेव्हा दिलेल्या आकड्यांनुसार चार ते दहा वर्षांची मुले रोजच्या ऊर्जेपैकी 13 टक्के आणि अकरा ते अठरा वर्षांची मुले 15 टक्के साखरेतून मिळवतात. त्यातच दिलेला सल्ला 5 टक्क्यांचा आहे.

मग द्यायचे काय? पोहे, उप्पीट, थालीपीठ ही नावे सगळ्यांना ठाऊक आहेत, पण सातच्या आधी ती रोज जमत नाहीत, आणि सल्ला देणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. खोक्याशी बरोबरी करायची तर पदार्थही तितक्याच वेळात व्हायला हवा. मला यावर सर्वांत चांगले उत्तर सापडले ते लाह्यांत. ज्वारीच्या लाह्या आपण नागपंचमीला आठवणीने आणतो आणि मग वर्षभर विसरतो. राजगिऱ्याच्या लाह्या उपवासापुरत्या ठेवतो. वास्तविक या आपल्या घरच्या सिरीअलच आहेत. वाडग्यात ओतायच्या, दूध घालायचे, केळ्याच्या किंवा चिकूच्या फोडी टाकायच्या. गोडवा फळातून येतो आणि फळाबरोबर तंतूही येतात. एक मिनिट लागते. राजगिरा दुधात लवकर भिजतो, म्हणून तो शेवटी घालावा, आणि लहान मुलांसाठी ज्वारीच्या लाह्यांतले न फुटलेले दाणे चाळून काढावेत.

नाचणीचा विचारही मी याच रांगेत करते. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या आपल्या पश्चिमेकडच्या डोंगराळ भागात ती पिकते, शंभर ग्रॅममागे सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम देते, आणि तिचे पीठ रात्री कालवून ठेवले तर सकाळी आंबील दहा मिनिटांत होते. माझ्या मुलाला ती ताक, जिरे आणि किंचित मीठ घातलेली आवडते. बाजारात तयार मिळणारे नाचणी सत्त्व मात्र वाचून घ्यावे, कारण काही डब्यांत साखर नाचणीच्या बरोबरीने असते. रात्रीची ज्वारीची भाकरी सकाळी दुधात कुस्करून खाणे हा तर आमच्या पिढीचा नेहमीचा नाश्ता होता. गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर समोर काढून मिळणाऱ्या म्हशीच्या दुधात ती कुस्करली, तर साखरेची आठवण होत नाही. सासूबाईंनी नातवाला हा काला खायला घातला आणि तो त्याने निमूट संपवला, तेव्हा त्यांचा खोक्याबद्दलचा आग्रहही पुष्कळ सैल झाला.

घरचे सगळेच निर्दोष आहे, असे मी मानत नाही. शिरा, गोड शेवया, जॅम लावलेली पोळी, चहात बुडवलेली खारी आणि बिस्किटे यांतही साखर आहेच, आणि भारतीय नाश्ता म्हटला की तो आपोआप पौष्टिक ठरत नाही. मसाला ओट्सच्या पाकिटात साखर कमी असली तरी मीठ पाहावे लागते, आणि सुक्या फळांच्या म्युस्लीत मध व साखर मिळून आकडा वीसच्या आसपास जाऊ शकतो. फरक एवढाच, की शिऱ्यात साखर किती घालायची हे घालणाऱ्याला दिसते. आज एक चमचा कमी केला तर मुलाच्या लक्षातही येत नाही, उद्या आणखी अर्धा कमी करता येतो. खोक्यात तो चमचा दुसऱ्याच कोणीतरी, दूरच्या कारखान्यात, आधीच घालून ठेवलेला असतो.

ज्या घरांत खोके आधीच रुजले आहे तिथे ते एका सकाळी बंद करू नये, असे मी दुकानात विचारणाऱ्या आयांना सांगते. गोड फ्लेक्समध्ये साधे फ्लेक्स किंवा लाह्या थोड्या मिसळाव्यात आणि प्रमाण आठवड्यागणिक बदलत न्यावे. मुलांची चव बदलते, फक्त तिला वेळ द्यावा लागतो आणि नवा पदार्थ आठ-दहा वेळा समोर यावा लागतो. नवीन खोके घेताना आपल्या नियमांतली एक मर्यादा आधाराला घ्यावी: घन पदार्थात शंभर ग्रॅममागे 5 ग्रॅमपर्यंत साखर असेल तरच त्याला ‘कमी साखर’ म्हणता येते. तेवढे मिळाले नाही तर 10 च्या आत राहावे. 15 च्या पुढचे खोके मी न्याहारीत धरत नाही.

पण हे सगळे आईने सकाळी दुकानात उभे राहून का करावे, असेही मला मनापासून वाटते. चिली देशाने 2016 पासून जास्त साखरेच्या पदार्थांच्या दर्शनी बाजूला काळा अष्टकोनी इशारा छापणे सक्तीचे केले आणि अशा खोक्यांवरून मुलांना भुलवणारी प्राण्यांची चित्रे हटवली. आपल्याकडे 2022 मध्ये तारे देऊन पदार्थाची प्रत दाखवण्याचा मसुदा आला होता. त्यावर तज्ज्ञांनी घेतलेला आक्षेप मला योग्य वाटतो: चांगल्या घटकांचे गुण जमेस धरून साखरेचे दोष झाकले जाऊ शकतात. अक्षरओळख कमी असलेल्या आजीलाही कळेल असा सरळ इशारा हवा, आणि टक्केवारी मुलाच्या वयाची हवी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2024 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वेष्टनावरील माहिती वाचून निवड करण्याचा सल्ला दिला आहे. तो योग्यच आहे, पण वाचणाऱ्याला समजेल असे छापले गेले तरच त्याचा उपयोग होईल.

आमच्या घरात चॉकलेटी फ्लेक्स पूर्ण बंद झालेले नाहीत, आणि ते व्हावेत असा माझा हट्टही नाही. ते आता खाऊच्या डब्यात, चिक्की आणि लाडवांच्या शेजारी असतात. मुलाने मागितले तर रविवारी दुपारनंतर एका छोट्या वाटीत, दुधाशिवाय, कोरडे मिळतात. ते खाल्ल्यावर चूळ भरायची, आणि त्या दिवशी दुसरे गोड नाही, एवढे दोन नियम आहेत, आणि ते त्याला पाठ झाले आहेत.